पितृपंधरवड्यातली डिलिव्हरी

आमच्या भागातला माणूस मोटार घ्यायला आला की आधी बॉनेट उघडायला लावतो. त्याला आतलं सगळं कळतं असं नाही. पण उघडायचं, कमरेवर हात ठेवून वाकायचं, "हं" म्हणायचं आणि बंद करायचं, असा रिवाज आहे. विजेवरच्या मोटारी आल्या आणि या रिवाजाची पंचाईत झाली. ढोकीकडचे एक बागायतदार असेच वाकले, बराच वेळ वाकलेलेच राहिले आणि शेवटी हळूच मला म्हणाले, "मॅडम, हितलं कुणी काढून नेलं का काय?"

धाराशिवच्या त्या शोरूममध्ये मी एकवीस वर्षं कागदांच्या टेबलावर बसले. गाडी विकायचं काम जावेदचं. तो गोड बोलायचा, चहा मागवायचा, चक्कर मारून आणायचा. पण विकलेली गाडी गिऱ्हाइकाच्या नावावर चढवायची ती मी. आधार, पॅन, विमा, नोंदणी आणि शेवटच्या काही वर्षांत सबसिडी. जावेद म्हणायचा, "ताई, मी लग्न जमवतो, तुम्ही लावून देता." मी म्हणायचे, "आणि भांडणं झाली की दोन्हीकडचे माझ्याच टेबलावर येतात." माझा स्वभाव तिखट आहे, हे मी नाकारत नाही. अर्धवट कागद घेऊन आलेल्या माणसाला मी पाणी विचारायचे, पण खुर्ची द्यायचे नाही.

सबसिडी म्हटलं की आपल्या माणसाला बँकेचं पासबुक आठवतं. "खात्यात कवा पडंल?" हा पहिला प्रश्न. तर खात्यात काही पडत नाही. सरकारची सवलत बिलातूनच वजा होते, गाडी तेवढी स्वस्त मिळते आणि ते पैसे सरकारकडून मागून घेण्याची डोकेदुखी आमची. दुसरी सोय बॅटरी भाड्यानं घ्यायची. मोटार विकत, बॅटरी मात्र कंपनीची, जेवढे किलोमीटर चालवाल तेवढं भाडं. त्यानं सुरुवातीची किंमत आणखी उतरते. हे ऐकून एक आजोबा भडकले होते. "म्हंजी घोडं माजं अन् घोड्याचं पोट तुमचं व्हय?" मी म्हटलं, अगदी बरोबर समजलं तुम्हाला, जावेदपेक्षा चांगलं.

तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. ही सवलत बुकिंगच्या तारखेला मिळत नाही. गाडी नोंदणी होऊन ज्या दिवशी तुमच्या नावावर चढते, त्या दिवशी योजना चालू असेल तर मिळते. त्यातही ठरावीक गाड्यांपुरतीच. आकडा भरला की पोर्टल बंद, मग रडून उपयोग नाही. निदान त्या वेळची योजना तरी अशी होती. हे मी इतक्यांदा बोलले असेन की झोपेतही म्हणून दाखवेन. आणि ज्यांना सांगायलाच हवं होतं, नेमकं त्यांनाच सांगितलं नाही. तीच गोष्ट आज लिहिणार आहे.

श्रावणात ईटहून एक कुटुंब आलं. विठ्ठल तिथल्या शाळेत शिपाई. बरोबर त्याची बायको रेखा आणि पाच वर्षांची ईश्वरी. पोरीच्या कानामागे एक छोटं यंत्र होतं, त्याची तार केसांत गेलेली. ती जन्मतः बहिरी. सरकारी योजनेतून ऑपरेशन होऊन आत यंत्र बसवलेलं. रेखानं मला समजावून सांगितलं, कारण मला वाटलं होतं की यंत्र बसलं म्हणजे झालं. "तसं न्हाय मॅडम. यंत्रानं आवाज येतो, पर तो कशाचा ते तिला कळत न्हाय. ते शिकवाय लागतंय. अन् डाक्टर म्हणल्यात, लवकर. वय गेलं की मग बोलणं अवघड."

शिकवणाऱ्या बाई धाराशिवला. आठवड्यातून तीनदा यायचं. ईटहून वडाप जीपनं, मग येडशीवरून बसनं. त्या खडखडाटात पोरीच्या कानात सगळे आवाज एकच होऊन जायचे. ती यंत्र ओढून काढायची आणि फेकायची. बाईंपुढे पोचेपर्यंत दमून झोपलेली असायची. विठ्ठलनं जुनी पेट्रोल मोटार पाहिली होती, पण रोजचं पेट्रोल त्याच्या पगारात बसेना. मग कुणीतरी विजेच्या मोटारीचं सांगितलं.

जावेदनं त्यांना सगळ्यात लहान मोटारीत बसवलं आणि चालू केली. विठ्ठल म्हणाला, "करा की चालू." जावेद म्हणाला, "झाली." नेहमीचाच प्रसंग, मी टेबलावरून बघत होते. आवाज येत नाही म्हणून गिऱ्हाईक नाराज होतं, हे आमचं रोजचं दुखणं. मग जावेदनं वळायचा इंडिकेटर लावून दाखवला. टिक टिक टिक. मागच्या सीटवरच्या ईश्वरीनं मान वळवली.

जावेदनं बंद केला. ती पुढे सरकली. त्यानं पुन्हा लावला, तर तिनं कानामागच्या यंत्रावर हात ठेवला आणि आईकडे बघितलं. रेखानं पदर तोंडाला लावला. त्या गाडीत दुसरा कुठलाच आवाज नव्हता, त्यामुळे पोरीला तो एक आवाज सुटा सापडला होता. मला तोवर वाटायचं की आवाज नसणं हा गाडीचा दोष आहे.

बुकिंग झालं. सवलत धरून आणि बॅटरी भाड्यानं घेऊन हिशेब कसाबसा बसत होता. सवलत नसती तर विषयच संपला असता, हे विठ्ठलनं स्वतःच सांगितलं. गाडी कधी न्यायची, तर दसऱ्याला. मी "दसरा" लिहिलं आणि फाइल मिटली. नोंदणीच्या तारखेचं ते वाक्य बोलले नाही. खरं कारण लिहायला लाज वाटते, पण लिहिते. दसऱ्याला शोरूममध्ये हार, पेढे, फोटो, रांगेत गाड्या असा थाट असतो. मालकांना तो आवडायचा आणि मलाही. जेवढ्या गाड्या दसऱ्याच्या रांगेत, तेवढी आमची शान. म्हणून दसरा म्हणणाऱ्याला मी कधी अडवत नसे.

दसऱ्याच्या आधी पितृपंधरवडा येतो. आमच्याकडे त्या पंधरा दिवसांत कुणी नवी वस्तू घेत नाही. मोटार राहू द्या, चप्पलसुद्धा नाही. शोरूममध्ये आम्ही माशा मारतो. मी कपाटातल्या फायली काढून पुसून परत लावते. त्याच दिवसांत कंपनीचा निरोप आला की गाड्यांचा आकडा भरत आलाय, चार-पाच दिवसांत सवलत बंद होईल.

दसऱ्यासाठी थांबलेल्या सगळ्यांना मी फोन केले. दोघं-तिघं लगेच आले. काहींना पूर्ण किंमत परवडणारी होती, ते म्हणाले, जाऊ द्या. बाकीच्यांनी पितरांचं नाव घेतलं. विठ्ठलही त्यांतलाच.

"मॅडम, दुसऱ्या कशासाठी असती तर घेतली असती. पोरीसाठी घ्याय लागलोय. पितरपाटात आणली अन् तिला काय झालं तर? अन् आमच्या बापूला तर अजाबात चालायचं न्हाय."

"आणि सवलत गेली तर?"

 तो म्हणाला, "मग गाडी न्हाय."

त्यानं मला दोष दिला नाही. दिला असता तर मी वर तोंड करून भांडले असते, तो माझा हातखंडा आहे. त्यानं दिला नाही म्हणून मला जेवण गेलं नाही. श्रावणातच मी ते एक वाक्य बोलले असते, तर पोळ्यालाच गाडी त्यांच्या दारात उभी राहिली असती. चूक माझी होती आणि तिची किंमत त्या पोरीच्या बोलण्यातून वळती होणार होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी एसटी धरली आणि ईटला गेले. नोकरीत असं मी कधी केलं नव्हतं. घर गावाच्या कडेला, दोन खोल्यांचं, वर गच्ची, पुढे मेंढरांचा वाडा. गावात खव्याच्या भट्ट्या पेटलेल्या, सगळीकडे आटणाऱ्या दुधाचा वास. ईश्वरी एका कोकराच्या गळ्यात पडून बसली होती. दाराशी घोंगडीवर विठ्ठलचे वडील बसले होते. त्यांना सगळे बापूच म्हणत. आयुष्य मेंढरांमागे चालण्यात गेलेलं, आता गुडघे धरलेले.

मी विठ्ठलला पुन्हा सगळं सांगितलं, माझी चूकही सांगितली. तो मान खाली घालून म्हणाला, "समदं खरं हाय, पर बापूला न्हाय चालायचं."

"काय न्हाय चालायचं मला?" बापूंनी विचारलं.

तेव्हा लक्षात आलं की बापूंना कुणी विचारलंच नव्हतं. घरात सगळे त्यांच्या नावानं नाही म्हणत होते, गावात कुणी विचारलं तरी त्यांच्यावरच ढकलत होते आणि बापूंना गाडीचं बुकिंग झालंय एवढंच माहीत होतं. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"पितर म्हंजी कोण, बाई?" ते म्हणाले. "माजा बाप अन् माजा आजा. दुसरं कोण हाय? माजा बाप एक आंधळी मेंढी खांद्यावर घिऊन बार्शीपतूर चालत गेला हुता, डाक्टरला दावाया. मेंढी. लोकं हासली त्याला. त्यो मानूस पणतीला म्हणंल, गाडीत बसू नगं?"

रेखा दारातून म्हणाली, "मामंजी, पर लोकं काय म्हणतील?"

"लोकांचं जाऊ दे, त्यास्नीच इचारू की. परवा आपले पितर हैत. पान तिकडंच ठिवू, गाडीम्होरं. कावळा शिवला की घ्याची."

मी परतीच्या एसटीत बसले तेव्हा आनंदात होते. येडशीपर्यंत आल्यावर डोक्यात प्रकाश पडला की सरकारी सवलत आता कावळ्यावर अवलंबून आहे.

पितरांच्या दिवशी सकाळी बापू शोरूमला आले ते पांढरं धोतर, डोक्याला पागोटं आणि खांद्यावर घोंगडी अशा थाटात. शोरूमच्या काचेच्या दारातून असं गिऱ्हाईक त्याआधी आत आलं नव्हतं. मालक केबिनमधून उठून बाहेर आले. रेखानं पत्रावळीवर खीर, वडे, कढी-भात, गवारीची भाजी वाढली. बापूंनी पान कुंपणाच्या भिंतीवर ठेवलं, हात जोडले आणि हाक घातली. "काऽव, काऽव."

एरवी आमच्या मागच्या कडुलिंबावर कावळ्यांची शाळा भरलेली असते. त्या दिवशी एक नाही. जावेद म्हणाला, "ताई, रोज माझ्या डब्यावर तुटून पडतात. आज कुठं मेले?" मग स्वतःच जीभ चावली. थोड्या वेळानं तोही हाका मारायला लागला, मग वर्कशॉपमधले मेकॅनिक, मग मालक. मी आत संगणकापुढे. अर्ज पूर्ण भरलेला, फक्त विठ्ठलच्या मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा राहिलेला. दोनदा तो ओटीपी जुना होऊन बाद झाला. पोर्टल मध्येच अडकायचं आणि मला वाटायचं, झालं बंद.

खिडकीतून मला ईश्वरी दिसत होती. एवढी मोठी माणसं आभाळाकडे तोंड करून काय करताहेत, याचं तिला कोडं पडलं होतं. मग तिनंही मान वर केली आणि तोंड उघडलं. आवाज आला नाही, नुसतं तोंड उघडलं आणि मिटलं.

बापूंनी ते पाहिलं. त्यांनी हाका थांबवल्या, घोंगडी झटकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ऐका. बाप माजा नाराज असता तर आतापतूर आला असता. भांडाया त्यानं कवा उशीर केला न्हाय. आला न्हाय म्हंजी त्याचं काय म्हणणं न्हाय. बाई, दाबा ते काय दाबायचं ते."

विठ्ठलनं तिसरा ओटीपी सांगितला.  मी दाबलं. चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं आणि मग नोंदणी झाल्याचं दिसलं. सवलत लागली होती. हार नव्हता, पेढे नव्हते. बापूंनी धोतराच्या सोग्यातून भंडारा काढून बॉनेटवर उधळला, चिमूटभर माझ्याही कपाळाला लावला. ती पिवळी झालेली पांढरी मोटार आवाज न करता फाटकाबाहेर गेली.

नंतर कावळा आला. निवांतपणे वडा उचलून गेला. जावेदनं लगेच विठ्ठलला फोन लावून बापूंना सांगितलं. बापू म्हणाले, "जेवायला त्यो उशिराच यायचा."

दोन दिवसांनी सवलत बंद झाली. बाकी ज्यांनी तेव्हा नाही म्हटलं, त्यांतल्या एका शिक्षकांनी बुकिंग रद्द केलं आणि जाताना माझ्या टेबलाकडे बघितलंही नाही. त्यांनाही ते वाक्य मी वेळेवर सांगितलं नव्हतं आणि त्यांच्या घरी मी गेलेही नव्हते. सगळ्यांच्या घरी जाता येत नाही, असं मी स्वतःला सांगते, पण ते काही मला पटत नाही. त्यानंतर मात्र बुकिंगच्या दिवशीच ते वाक्य मी गिऱ्हाइकाकडून तीनदा म्हणवून घ्यायला लागले. जावेद त्याला माझा शपथविधी म्हणायचा.

पहिल्या सर्व्हिसिंगला विठ्ठल बापूंना आणि ईश्वरीला घेऊन आला तेव्हा मेकॅनिकनं विचारलं, काही तक्रार? विठ्ठल घुटमळला. बापू मागून म्हणाले, "तक्रार न्हाय, पर मागचे लोक शिव्या देत्यात." चौकशी केली तर कळलं की हे लोक ईटपासून येडशीपर्यंत, सरळ रस्त्याला, इंडिकेटर लावून येत होते. पोरीला टिक टिक ऐकू यावं म्हणून. मागच्या ट्रकवाल्याला वाटायचं आता वळतील, मग वळतील.

मी त्या दोघांना उभं-आडवं झापलं. अपघात झाला तर काय, म्हटलं. बापूंनी शांतपणे ऐकून घेतलं. "बाई, शंभर मेंढरांत कोकराला आई आवाजावरनं सापडती. हिला अजून तेवढा एकच आवाज सापडलाय. बंद कसा करू?"  मग असं ठरलं की येडशीच्या अलीकडे झाडाखाली गाडी उभी करायची आणि मनसोक्त टिक टिक ऐकायचं. तेवढ्यात ईश्वरी माझ्या टेबलाजवळ आली, माझ्या घड्याळावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "टि ट्." मी तिला खुर्ची दिली.

त्या झाडाखाली पुढे पुष्कळ शाळा झाली. टिक टिक संपल्यावर बापू काचा बंद करून तिच्याशी बोलत बसायचे. मेंढरांची नावं, गावांची नावं, "ये", "जा", "बस". विठ्ठल सांगायचा, धाराशिवच्या बाई विचारतात, हिला गावाकडचं बोलणं कुणी शिकवलं.

मागल्या वर्षी उन्हाळ्यात बापू गेले. मी तोवर टेबल सोडून घरी बसले होते. यंदा वर्षश्राद्ध झाल्यावर पितृपंधरवडा आला आणि रेखाचा फोन आला. "बापूंचे पितर हैत. तुमी यायलाच पायजे. जावेदभावजींना पण आणा."

विठ्ठल आम्हाला न्यायला तीच मोटार घेऊन आला. दारात मेंढरं होती, घोंगडीची जागा रिकामी होती. रेखानं पान वाढलं. विठ्ठलनं ते गच्चीच्या कठड्यावर ठेवलं आणि हाक मारली. शेजारचे आले, त्यांनी मारली. जावेदनं मारली. कावळा नाही. ऊन चढत होतं, कढीवर साय धरत होती. विठ्ठलचा चेहरा उतरला. बापूंची काय इच्छा राहिली असेल, असं बायका खालच्या आवाजात बोलायला लागल्या.

ईश्वरी आता सात वर्षांची आहे. ती कोकरू सोडून जिना चढून वर आली, माणसांच्या मधून वाट काढत कठड्यापाशी गेली आणि आम्ही सगळे करत होतो तशी मान वर केली. मला शोरूमच्या खिडकीतून दिसलेलं तोंड आठवलं. पण तिनं काव काव केलं नाही. ती जोरात, स्पष्ट, थोडं ओढून म्हणाली,

"बापूऽ, ये. बस. जेव."

कावळा आला की नाही, हे मला लोक अजून विचारतात. मला खरंच माहीत नाही. मी डोळे पुसत होते.